हातात धरायची चित्रं : अथेन्सची रंगवलेली मातीची भांडी

रंगरेषा

प्राचीन ग्रीक कला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संगमरवरी पुतळे येतात. चित्रकला कुठे गेली? भिंतींवरची, लाकडी फळ्यांवरची त्यांची चित्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली. त्या काळच्या चित्रकाराचा हात कसा चालायचा हे बघायचं तर आज मुख्यतः मातीची भांडीच उरतात. भाजलेली माती फुटते, पण कुजत नाही, गंजत नाही, आणि सोन्याचांदीसारखी वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

धागा काढण्याचं कारण एकच. ही चित्रं पुस्तकाच्या पानावर सपाट करून पाहिली की अर्धीच कळतात. भांडं कशाचं होतं, ते कोण हातात धरणार, त्यात काय भरणार, हे मनात धरून चित्रकाराने चित्र काढलेलं असतं.

व्हॅटिकनच्या संग्रहालयातला एक कुंभ घेऊ. उंची साधारण ६१ सेंमी, काळ इ.स.पू. ५४० ते ५३०. तांबड्या मातीवर काळ्या आकृत्या आणि त्या काळ्यातून टोकदार हत्याराने कोरून काढलेले बारकावे. त्यावर लिहिलंय, 'एक्सेकियासने मला रंगवलं आणि घडवलं.' कुंभ स्वतःच बोलतो. ट्रॉयच्या युद्धातले दोन मोठे ग्रीक वीर, अकिलीस आणि एजॅक्स, एका चौथऱ्यावर वाकून डाव खेळताहेत. अकिलीसच्या तोंडापाशी 'चार' लिहिलंय, एजॅक्सच्या तोंडापाशी 'तीन'. अकिलीसचं शिरस्त्राण डोक्यावरच आहे, एजॅक्सने काढून मागे ढालीवर ठेवलंय. डावात इतके रंगलेत, तरी दोघांच्या हातातले भाले सुटलेले नाहीत. एजॅक्सची टाच जराशी उचललेली आहे. अंगावरच्या वस्त्रांची नक्षी तर इतकी बारीक कोरलीय की फोटो मोठा करून पाहिला तरी रेघेला रेघ चिकटलेली दिसत नाही.

आता कुंभाकडे बघा. दोघांच्या वाकलेल्या पाठी कुंभाच्या फुगीर अंगाबरोबर वळतात, आणि भाल्यांच्या तिरप्या रेघा वर कुंभाच्या दोन कानांकडे जातात. सपाट कागदावर हीच रचना ओढूनताणून केल्यासारखी वाटेल. कुंभावर ती जिथल्या तिथे बसते.

हा प्रसंग होमरच्या काव्यात नाही. पण बघणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक होतं. अकिलीस मरणार, एजॅक्स त्याचं प्रेत खांद्यावर घेऊन रणातून बाहेर येणार, अकिलीसची शस्त्रं मात्र ओडिसियस ह्या दुसऱ्या ग्रीक वीराला मिळणार आणि त्या अपमानाने एजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडणार. हे ठाऊक असताना 'चार' आणि 'तीन' वाचायचं. फ्रान्समध्ये बुलोन-सुर-मेर इथे एक्सेकियासचाच आणखी एक कुंभ आहे. त्यात एजॅक्स एकटा आहे. इतर चित्रकारांनी तलवारीवर कोसळलेला एजॅक्स काढला. एक्सेकियासने त्याच्या आधीचा क्षण निवडला. एजॅक्स वाकलाय आणि जमिनीत उभ्या रोवलेल्या तलवारीच्या मुठीभोवतीची माती हाताने दाबून घट्ट करतोय. शेजारी एक ताडासारखं झाड आणि टेकवून ठेवलेली शस्त्रं. बाकी सगळी जागा मोकळी. मला ग्रीक चित्रकलेत ह्याहून मोठं चित्र माहीत नाही.

उथळ, दोन कानांच्या मद्याच्या प्याल्याची (कायलिक्स) गोष्ट वेगळी. त्याचं चित्र आत, तळाशी असतं. मेजवानीत मद्य संपत जाईल तसं ते उघडं पडतं. कधी तळातून जीभ बाहेर काढलेली गॉर्गन ही राक्षसी तुमच्याकडे बघते. बाहेरच्या बाजूला दोन मोठे डोळे रंगवलेले असतात. पिणाऱ्याने प्याला उचलून तोंडाला लावला की समोरच्याला त्याच्या चेहऱ्याऐवजी मुखवटा दिसतो. मद्याचा देव डायोनिसस हाच नाटकाचा आणि मुखवट्यांचाही देव. म्युनिकमधल्या एक्सेकियासच्या प्याल्यात तोच देव नावेत रेलून बसलाय, डोलकाठीवर द्राक्षवेल चढलाय, भोवती डॉल्फिन. होमर समुद्राला मद्याच्या रंगाचा म्हणतो. इथे प्याला भरला की नाव खरोखरच मद्यात तरंगते.

सुरुवात अर्थात ह्याच्या बऱ्याच आधीची. इ.स.पू. ७५० च्या सुमाराला अथेन्सच्या दफनभूमीत माणसाच्या उंचीला भिडणारे कुंभ थडग्यांवर उभे केले जात. अंगभर भूमितीची नक्षी, आणि मधल्या पट्ट्यात तिरडीवरचं प्रेत व डोक्यावर हात घेऊन आकांत करणाऱ्या माणसांची रांग. पुढे कोरिंथच्या कारागिरांनी काळ्या आकृत्या कोरायची रीत काढली, अथेन्सने ती उचलली, आणि इ.स.पू. ५२० च्या आसपास उलटवली : आकृत्या तांबड्या, भोवतालचं सगळं काळं. कोरण्याच्या जागी कुंचला आला आणि स्नायू, बोटं, वळलेली पाठ काढणं शक्य झालं.

ज्यांना ह्यात रस आहे त्यांनी भर घालावी.

अथांग

फार सुंदर लिहिलंय. एजॅक्सचं वर्णन वाचून फोटो शोधला आणि बघतच राहिले. एक शंका. तो काळा रंग नक्की कशाचा? अडीच हजार वर्षांत उडाला कसा नाही?

भट्टीवाला

ह्याचं उत्तर मी देतो, मी मातीतच काम करतो.

तो रंग नाहीच. काळं आणि तांबडं, दोन्ही एकच माती आहे. अथेन्सच्या मातीत लोह भरपूर. ती पाण्यात कालवून ठेवायची, जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरची अगदी बारीक निवळ तेवढी काढून घ्यायची. हाच लेप. कच्च्या भांड्यावर लावला की तो आणि अंगची माती ह्यांत रंगाचा फरक फारसा दिसत नाही. म्हणजे चित्रकार जे काढतोय ते त्याला धड दिसतही नसतं!

बाकीचं काम आगीचं, आणि तेही एकाच भाजणीत. आधी भट्टीत हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंशांपर्यंत न्यायचं, सगळं तांबडं होतं. मग हवेची वाट बंद करायची आणि ओलं लाकूड घालून धूर कोंडायचा. तापमान ९०० च्या पुढे गेलं की सगळं काळं पडतं, आणि बारीक लेपाचा पृष्ठभाग काचेसारखा होऊन मिटतो. शेवटी हवा परत सोडायची. अंगची माती सच्छिद्र असते, ती प्राणवायू ओढून पुन्हा तांबडी होते. लेप मिटलेला असल्याने आत हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. म्हणून तो उडत नाही, उडायला वर काही लावलेलंच नाही.

हवा सोडायला जरा उशीर झाला किंवा उष्णता जास्त चढली तर सगळा माल गेला. मध्येच बाहेर काढून बघायला त्यांच्याकडे भोक पाडलेले खापराचे तुकडे असत, आकड्याने ओढून काढायचे. असे तुकडे अथेन्सच्या उत्खननांत मिळालेत. तापमापक नसताना केवळ जाळाचा रंग आणि हे तुकडे बघून तीन टप्पे साधणं काय असतं, हे भट्टीसमोर रात्र काढलेल्यालाच कळेल. ही रीत पुढे विसरली गेली. ती नेमकी कशी असावी हे जर्मनीत थिओडोर शुमान ह्याने १९४२ साली दाखवून दिलं.

होमरच्या नावावर एक जुनं काव्य आहे, कुंभारांसाठी. मोबदला नीट दिलात तर अथेना देवी तुमच्या भट्टीवर हात धरो, आणि फसवलंत तर मी भट्टीवर पिशाच्चं सोडीन, असं त्यात आहे. सिंत्रिप्स, स्मारागोस, असबेतोस, साबाक्तेस, ओमोदामोस अशी पाचही नावं दिलीत. फोडणारा, तडकवणारा, विझता न विझणारा असे त्यांचे गुण. म्युनिकमधल्या एका पाण्याच्या घड्यावर कुंभारशाळेचं चित्र आहे, त्यात भट्टीवर सॅटिरचा, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा पशू अशा रानदेवतेचा, मुखवटा लावलेला दिसतो. आपल्याकडे आवा लावताना पूजा करतात, ती ह्याच काळजीपोटी.

तर्कट

माहिती उत्तम, पण मूळ मुद्द्याला माझा आक्षेप आहे. ही श्रीमंतांची कलाकृती नव्हतीच. ज्यांच्याकडे पैसा होता ते चांदीच्या भांड्यांतून पीत. मातीची भांडी हा रोजचा माल, शेकड्यांनी निघणारा. दुसरं, चांगल्या अवस्थेतली बरीचशी भांडी ग्रीसमध्ये नाही, इटलीत एट्रुस्कन ह्या तिथल्या प्राचीन लोकांच्या थडग्यांत सापडली. इतकी की अठराव्या शतकात लोक त्यांना एट्रुस्कनच समजत. इंग्लंडमधल्या वेजवुड ह्या भांडी कारखानदाराने १७६९ साली आपल्या कारखान्याचं नाव 'एट्रुरिया' ठेवलं ते त्यामुळेच. मग अथेन्सच्या माणसाला 'चार' आणि 'तीन' वाचून काय वाटलं असेल, हे आपण कशाच्या जोरावर सांगतो? तो एक्सेकियासचा कुंभही इटलीतल्या वुल्चीलाच मिळाला ना?

रंगरेषा

हो, वुल्चीलाच. आक्षेप रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भांडी स्वस्त होती हे खरं. काहींच्या बुडाखाली व्यापाऱ्यांनी किमती खरडून ठेवल्यात आणि त्या फार नाहीत. पण स्वस्त वस्तू बनवणारा तिच्यात जीव ओतत नाही, हे मला पटत नाही. म्युनिकमध्ये युथिमिदेसचा कुंभ आहे, मेजवानीनंतर नाचणारे तीन पुरुष. त्यातला एक पाठमोरा, कमरेत पिळवटलेला. शेजारी त्याने लिहिलंय, 'युफ्रोनियोसला असं कधीच जमलं नाही.' दोघंही एकाच गावात, एकाच काळात काम करणारे. पाठ वळवलेला माणूस कोणाला जास्त चांगला काढता येतो, ह्यावर त्यांची चुरस चालली होती. कुंभारवाड्यात चित्रकलेवरून वाद होत होता, आणि तो विकाऊ भांड्यावर लिहून ठेवण्याइतका महत्त्वाचा होता.

एट्रुस्कनांबद्दल. गिऱ्हाईक कोण आहे ते अथेन्सच्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. निकोस्थेनेस नावाच्या कुंभाराने एट्रुस्कनांच्या स्वतःच्या काळ्या भांड्यांचा घाट उचलला, त्यावर अथेन्सची चित्रं काढवली आणि माल तिकडे पाठवला. आणि घेणाऱ्यांना त्याची किंमत होती. फुटलेले प्याले ब्राँझच्या चिमट्यांनी सांधून वापरलेले सापडतात. रोजचा माल असता तर फेकून नवा घेतला असता. त्यांनी चित्रांचा अर्थ आपल्या परीने लावला असणार, आणि वीराच्या मरणाचं चित्र थडग्यात ठेवताना तो अर्थ बहुधा फार दूरचा नव्हता. पण कुंभावरची अक्षरं ग्रीक आहेत. काढणारा ती कथा मनात धरून काढत होता, एवढं तर त्यातून दिसतंच.

तर्कट

चिमट्यांचा मुद्दा मान्य. पाठमोऱ्या माणसाचाही.

फुटलेल्या भांड्यांवरून आठवलं. अथेन्समध्ये खापरंच मतपत्रिका होत्या. ज्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवायचं त्याचं नाव खापरावर खरवडायचं. अॅक्रॉपोलिस ह्या अथेन्सच्या टेकडीच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० खापरं सापडली, जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस ह्या पुढाऱ्याचं नाव, आणि अक्षर तपासलं तर ती अवघ्या १४ हातांनी लिहिलेली! विरोधकांनी आधीच लिहून वाटायला ठेवली असावीत.

सांजसावली

रंगरेषाताई, तुम्ही वीर आणि मद्य घेतलंत, मी पाणी आणि तेल घेते. 😊

हायड्रिया म्हणजे पाण्याचा घडा. त्याला तीन कान असतात. दोन आडवे, उचलायला. एक मागे उभा, ओतायला. वापरणारीच्या हातांचा पूर्ण विचार केलेला घाट आहे हा. सहाव्या शतकाच्या शेवटी अथेन्समध्ये सार्वजनिक पाणवठे बांधले गेले आणि त्याच सुमाराला ह्या घड्यांवर पाणवठ्याचीच चित्रं येऊ लागली. सिंहमुखातून पडणारी धार, खाली लावलेला घडा, आणि बायकांची रांग, बोलणं चाललेलं. बघण्यासारखी गोष्ट अशी की जिचा घडा रिकामा आहे तिच्या डोक्यावर तो आडवा ठेवलाय, आणि जिचा भरलाय तिच्या डोक्यावर उभा. डोक्यावरून पाणी आणलेल्या कोणालाही ते पाहून कळेल की चित्रकाराने हे रोज पाहिलंय. काही बायकांशेजारी त्यांची नावंही लिहिलीत. ह्या घरच्या स्त्रिया की दासी, ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आणि लेकिथोस. उंच, सडपातळ, निमुळत्या गळ्याची तेलाची कुपी. पाचव्या शतकात तिचा एक प्रकार खास मृतांसाठी होता. पांढऱ्या लेपावर बारीक रेघांनी चित्र. थडग्यापाशी फिती आणि टोपली घेऊन आलेली स्त्री, किंवा पायरीवर बसलेला तरुण, ज्याच्याकडे बघितलं की लगेच ध्यानात येत नाही की हा भेटायला आलाय की ज्याचं थडगं आहे तोच हा. निळा, गुलाबी असे नाजूक रंग भाजल्यानंतर लावलेले, म्हणून ते बरेचसे उडाले. बाहेर ठेवली तर हातात टिकणार नाही अशीच ती वस्तू. थडग्यात ठेवायची म्हणून टिकण्याची गरजच नव्हती.

काही लेकिथोसांत आत गळ्याखाली छोटी वाटी बसवलेली सापडते. थोड्याच तेलात कुपी काठोकाठ भरलेली दिसते. लोक ह्याला कंजुषी म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. अथेन्स आणि स्पार्टा ह्यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात घराघरातून तरुण जात होते, तेल महाग असेल, आणि तरीही थडग्यापाशी भरलेली कुपी न्यायची होती. लग्नाआधी मेलेल्यांसाठी तर लग्नाच्या न्हाणाचं पाणी आणायचं भांडं थडग्यावर ठेवत. जे न्हाण झालंच नाही त्याचं भांडं.

अथांग

सांजसावली, शेवटचा परिच्छेद वाचून गलबललं.

प्रवासी_पक्षी

मी न्यू जर्सीत असतो. आमच्या जवळच्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ग्रीक भांड्यांची दालनं आहेत, आणि एका भांड्यासाठी ते संग्रहालय जगभर बोललं गेलं. युथिमिदेसने ज्याला डिवचलं त्याच युफ्रोनियोसचा क्रेटर, म्हणजे मद्यात पाणी मिसळायचं मोठं भांडं, इ.स.पू. ५१५ च्या सुमाराचं. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन रणात पडलाय. निद्रा आणि मृत्यू हे पंखवाले जुळे भाऊ त्याला उचलताहेत, मागे देवांचा दूत हर्मिस उभा. जखमांतून रक्ताच्या धारा निघताहेत. प्रेत इतकं भरदार की भांड्याची अर्धी रुंदी त्यानेच व्यापलीय. दुसऱ्या बाजूला अथेन्सचे साधे तरुण चिलखत चढवताहेत. एकाच भांड्याभोवती बसून पिणाऱ्या पुरुषांपैकी काहींना आपलीच शस्त्रं घालणारी मुलं दिसायची, समोरच्यांना सार्पेडॉन. हातात धरायच्या चित्रांबद्दल जे वर लिहिलंय ते ह्या भांड्याला नेमकं लागू पडतं.

संग्रहालयाने ते १९७२ साली दहा लाख डॉलरला घेतलं. पुढे उघड झालं की इटलीत चेर्वेतेरीजवळच्या एट्रुस्कन थडग्यातून १९७१ साली ते चोरून खणून काढलं होतं. बरीच वर्षं वाद चालला आणि २००८ च्या जानेवारीत ते इटलीला परत गेलं. आता ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे. परत गेलं हे योग्यच झालं. पण त्या थडग्यात त्याच्याशेजारी काय होतं, ते कोणाच्या उशाशी ठेवलं होतं, हे चोरांनी कायमचं पुसून टाकलं. रंगरेषा म्हणतात तसं भांडं कोणाच्या हातात होतं हे कळलं तरच चित्र पुरतं कळतं, तर चोरीत अर्धा अर्थच गेला.

अथांग

महाराष्ट्रात ह्यातलं काही पोचलं होतं का? यवन व्यापारी येत असत असं शाळेत वाचलं होतं.

भट्टीवाला

चित्रांची भांडी नाही. अथेन्समध्ये तांबड्या आकृत्यांचं काम इ.स.पू. ३२० च्या आसपास थांबलंच. आपल्याकडे नेवासे, तेर, घारापुरी इथे भूमध्य समुद्राकडचे मद्याचे कुंभ किंवा त्यांचे तुकडे मिळालेत, पण ते नंतरचे, रोमन व्यापाराच्या काळातले, साधे, माल वाहायचे.

पण मातीवर चित्र काढायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. जोर्वे, दायमाबाद, इनामगाव इथली तांबड्यावर काळ्या नक्षीची भांडी एक्सेकियासच्या कितीतरी शतकं आधीची आहेत. आणि उत्तर भारतातली ती चकचकीत काळी भांडी, बुद्धाच्या काळातली, त्यांतही बारीक लेप आणि धूर कोंडून भाजणं हेच तत्त्व आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं नाही. लोह असलेली माती आणि आग जिथे जिथे भेटली तिथे हुशार कुंभारांना हे सापडलं. एकाच भांड्यावर दोन्ही रंग राखून त्यातून गोष्ट सांगायची, ते मात्र ग्रीकांचं.

रंगरेषा

भट्टीवाला, सांजसावली, प्रवासी_पक्षी, धागा तुम्ही मोठा केलात.

ज्यांना पुढे बघायचंय त्यांच्यासाठी. ऑक्सफर्डच्या बीझली संग्रहात ह्या भांड्यांची प्रचंड नोंद ऑनलाइन बघायला मिळते. जॉन बीझलीने बिनसह्यांच्या भांड्यांतून चित्रकार वेगळे केले. कान कसा वळतो, घोट्याचं हाड किती रेघांत दाखवलंय, गळपट्टीचं हाड कुठे तुटतं, एवढ्यावरून तो हात ओळखायचा. नाव माहीत नसलेल्याला तो कधी त्याचं भांडं जिथे आहे त्या गावाचं नाव द्यायचा, म्हणून 'बर्लिन चित्रकार'. त्याचा बर्लिनमधला कुंभ जरूर शोधा, काळ्या अंगावर एकमेकांत गुंतलेल्या आकृत्या आहेत, भोवती चौकटसुद्धा नाही.

तांबड्या आकृत्यांचे मोठे फोटो बघताना उजेड तिरपा पडलेला असेल तर कच्च्या मातीत बोथट काडीने केलेलं आधीचं रेखाटन खोलगट दिसतं. बऱ्याचदा शेवटची रेघ त्यावरून गेलेली नसते. हात आधी वर होता, मग खाली आणला, डोकं वळवलं. भांडं ओलं असतानाच त्याने विचार बदललेला दिसतो. आणि केस, छातीचे हलके स्नायू ह्यांच्या रेघा काळ्या नसून मधासारख्या तपकिरी असतात. तोच लेप, पाणी घालून पातळ केलेला. दाट लेपाची रेघ बोटाला उंचवट्यासारखी लागते असं हाताळणारे सांगतात. युफ्रोनियोसच्या सार्पेडॉनचे केस आणि पोटाचे स्नायू मोठे करून बघा, दोन्ही प्रकारच्या रेघा शेजारीशेजारी मिळतील.

सांजसावली, पांढऱ्या लेकिथोसांवर स्वतंत्र धागा काढा. फोटोंचे दुवे मी जमवून देते.

सांजसावली

काढते. 'अकिलीस चित्रकारा'पासून सुरू करते. म्युनिकमध्ये त्याच्या एका लेकिथोसवर हेलिकॉन डोंगरावर बसून वाद्य वाजवणारी कलादेवी आहे, पायाशी एक छोटा पक्षी. दुवे नक्की पाठवा.